निळ्या टाकीमागचं दार

‘निळ्या टाकीच्या मागचं दार ना?’ एवढंच लिहिलं होतं. ना नाव, ना गाव. फोटोच्या जागी कुठल्याशा डोंगराआड बुडणारा सूर्य. वाशीमच्या कॉलेजात इतिहासाचा तास चालू होता, सर फळ्याकडे तोंड करून शेतसाऱ्याच्या पद्धती लिहीत होते, आणि उज्ज्वलानं बाकाखाली धरलेल्या मोबाइलवर ती ओळ वाचली. आधी तर तिला गुदगुल्याच झाल्या. आपला ब्लॉग कुणीतरी इतका बारकाईनं वाचतंय म्हणजे काय चेष्टा आहे! मग तिनं ओळ पुन्हा वाचली, आणि गुदगुल्या जिथल्या तिथे विरल्या. टाकीबद्दल तिनं कधी लिहिलंच नव्हतं. किल्ल्यांबद्दल लिहिलं होतं, कणगीबद्दल लिहिलं होतं, याडीबद्दल, म्हणजे आईबद्दल, तर भरभरून लिहिलं होतं, पण टाकी? तिनं पोस्टमधला फोटो उघडला आणि दोन बोटांनी ताणून मोठा केला. उंबऱ्यावर बसलेली याडी, तिच्या ओटीत किल्ल्यांचा ढीग, मागे उघडं दार, आणि कडेला, जिथे उज्ज्वलाची नजर आजवर एकदाही गेली नव्हती, तिथे पाण्याच्या टाकीचा निळा तुकडा आणि त्यावर रंगवलेल्या ग्रामपंचायतीच्या नावाची अर्धी अक्षरं. अर्धीच होती, पण ज्याला वाचायची आहेत त्याला तेवढी पुरे होती.  तिनं फोटो पुन्हा लहान केला, तरी टाकी दिसतच राहिली.

गंमत बघा, या मुलीइतकं सांभाळून लिहिणारं अख्ख्या वर्गात कुणी नव्हतं. मराठीच्या नीलिमा मॅडमनी मुलांना ब्लॉग लिहायला लावले तेव्हा आधी एका पाहुण्यांना बोलावून काय लिहावं, काय लिहू नये याचं व्याख्यान ठेवलं होतं. मागच्या बाकांवर पोरं वेफर्स खात होती, उज्ज्वला मात्र एकेक शब्द कानात साठवत होती. नाव देऊ नका, फोन नंबर देऊ नका, कॉलेज कुठलं ते सांगू नका, पासवर्डमध्ये जन्मतारीख घालू नका, अनोळखी माणसाशी बोलत बसू नका. तिनं सगळं पाळलं. ‘पळसफूल’ असं नाव घेतलं. स्वतःचा चेहरा असलेला एकुलता एक फोटो कापून नुसत्या बांगड्या ठेवल्या. खोलीवरच्या मैत्रिणी चिडवायच्या, ‘अवं, तू काय हिरॉईन लागून गेली काय? तुले कोन पळवून नेते?’ आणि ती हसून पुन्हा एकदा सगळ्या सेटिंग्ज तपासायची. आता बाकावर बसल्या बसल्या तिला उमगलं की इतके महिने ती झाकत होती ती फक्त स्वतःला. तिचं नाव शाबूत होतं, चेहरा शाबूत होता, नंबर शाबूत होता. उघडी पडली होती ती याडी. ‘गोमतीबाई’ हे नाव तिनं किती मायेनं टाइप केलं होतं! त्या वेळी ते नाव म्हणजे पत्ता असतो हे मनातसुद्धा आलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली, अगदी सरळसोट लाज, कान तापेपर्यंत.

ती पोस्ट तिची सगळ्यात लाडकी. दिवाळी सरली की बंजाऱ्यांच्या तांड्यात ट्रक येतात आणि धडधाकट माणसं ऊसतोडीला निघून जातात, ती थेट उन्हं तापेपर्यंत. तिचा बा जातो, भाऊ राजपाल जातो. याडीही जायची, पण एकदा डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढताना पाय घसरला, कंबर दुखावली, आणि ती मागे राहायला लागली. ती मागे राहिली म्हणून उज्ज्वलाही राहिली, शाळा सुटली नाही, वाशीमपर्यंत पोचली. हे उज्ज्वला कधी विसरत नसे. तर, ट्रकचा हॉर्न वाजू लागला की घराघरातली बाई दाराला कुलूप घालते आणि किल्ली आणून गोमतीबाईच्या ज्वारीच्या कणगीत टाकते. हातात द्यायची नाही. टाकायची. किल्ली दाण्यात बुडाली की घर राखलं गेलं, असं तांडा मानतो. किल्ल्या एकमेकींत मिसळू नयेत म्हणून जिनंतिनं आपल्या भरतकामातला गोंडा बांधलेला. कुणाला लाल-हिरवा, कुणाला आरशाचा, भाऊसिंगकाकाच्या किल्लीला कवडी. उज्ज्वलानं यातलं काही म्हणता काही गाळलं नव्हतं. कुठला गोंडा कुठल्या दाराचा, भाऊसिंगकाकानं पोरीच्या लग्नाची भांडी कशी एकेक करून जमवली, सगळं लिहिलं होतं. आणि शेवटी: ‘आमचं दार कुणी वाजवत नाही. याडीला कमी ऐकू येतं, वाजवून उपयोग नाही. माणसं सरळ आत येतात.’ या ओळींवर लाल बदामांचा नुसता खच पडला होता. पुण्याच्या कुणा बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याच ओळी तिनं आता त्या बुडत्या सूर्यवाल्याच्या डोळ्यांनी वाचल्या. एक अक्षर बदललेलं नव्हतं, आणि तरी त्यांत माया कुठेच सापडेना. नुसती वाट सापडत होती, टाकीपासून कणगीपर्यंत.

तास संपायची वाट न बघता ती उठली. सर वळून ‘काय गं?’ म्हणेपर्यंत व्हरांड्यात पोचलीसुद्धा. याडीला फोन लावला. वाजत राहिला. फोन फडताळात ठेवलेला असणार आणि याडी अंगणात तुरी झोडपत असणार, हे तिला डोळ्यांसमोर दिसत होतं; एरवी ती हसली असती. पुन्हा लावला. तेवढ्यात स्क्रीनवर आणखी एक ओळ आली: ‘ताई, उत्तर नाही दिलं?’ ताई म्हणे! त्या शब्दाची तिला इतकी किळस वाटली की मोबाइल फेकून द्यावासा वाटला. फेकला नाही. नीलिमा मॅडमच्या खोलीत जाऊन त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला.

मॅडमनी दोन्ही ओळी वाचल्या, फोटो बघितला, चष्मा काढला. ‘आधी या दोन्हींचे स्क्रीनशॉट घे,’ त्या म्हणाल्या, ‘मग पोस्ट उतरव. आणि त्याला एक शब्द उत्तर देऊ नकोस. चांगला नाही, वाईट नाही, काहीच नाही.’

‘मॅडम, असेल एखादा रिकामटेकडा. गंमत करत असेल.’ हे बोलताना तिला स्वतःचाच आवाज लाचार वाटला.

‘असेलही. पण ते ठरवायला आपण थांबायचं नाही. उद्या दोघी जाऊन पोलिसांत तक्रार देऊ.’ मॅडमनी मोबाइल तिच्याकडे सरकवला. ‘चूक माझीही आहे. स्वतःला सांभाळा एवढंच मी शिकवलं. मी येऊ का तुझ्यासोबत घरी?’

‘नको मॅडम. याडीले मीच सांगतो,’ ती म्हणाली, आणि मॅडमसमोर आपण घरच्यासारखं बोललो हे तिच्या उशिरानं लक्षात आलं. पोस्ट तिनं तिथेच बसून उतरवली. बोट क्षणभर अडलं. खोटं कशाला बोला, त्या बदामांचा जीव सुटेना. मग दाबलं, आणि पान कोरं झालं. किती बरं वाटलं! ते बरं वाटणं जेमतेम स्टँडपर्यंत टिकलं. एसटीत बसताना मैत्रिणीचा निरोप आला, ‘अवं, तुह्या याडीचा फोटो माह्या मामाच्या ग्रुपवर आला, पाह्य.’ खरंच आला होता. गोंड्यांसकट, टाकीसकट, खाली उज्ज्वलाचेच शब्द आणि वर कुणीतरी चिकटवलेले जोडलेले हात. मामाचा ग्रुप परभणीकडचा. त्याच्याकडे तो दुसऱ्या ग्रुपवरून आलेला, तिथे तिसऱ्यावरून.

वाटेतल्या मालेगावपर्यंत ती खिडकीला डोकं टेकून बसली. बाहेर कुठे तुरी निघाल्या होत्या, कुठे अजून उभ्या होत्या, सोयाबीन निघालेली रानं उघडी पडलेली. बाजूला बसलेला माणूस मोबाइलवर काहीतरी बघून गालात हसला, तशी ती अंग चोरून सरकली. समोरचा वळून गावाचं नाव विचारायला लागला, तिनं ऐकू न आल्यासारखं केलं. नेहमीची एसटी, नेहमीची माणसं, आणि आज प्रत्येकाच्या खिशात याडीचा उंबरा असेल असं वाटत होतं. हे असंच जगायचं का आता? लहानपणी ती कणगीत कोपरापर्यंत हात खुपसून बसायची. आत ज्वारी थंडगार, आणि बोटांना अवचित एखादा गोंडा लागायचा. तो कुणाच्या घरचा ते डोळे मिटून ओळखायचं. किती दारं होती त्या दाण्यांत, आणि त्यांतलं एकही दार आजवर दगा खाऊन उघडलं नव्हतं. तांड्यात कुणाची वाटीसुद्धा गेली नव्हती. ते सगळं मी घालवलं, तिच्या मनानं घेतलं, आणि घालवलं ते काय वाईट लिहून? चांगलं लिहून, खरं लिहून. खरं तेच लिहीन असं तिनं ब्लॉगच्या पहिल्याच पानावर मिरवलं होतं. आता ते खरं परत येत नव्हतं. परभणीहून येत नव्हतं, पुण्याहून येत नव्हतं, आणि त्या बुडत्या सूर्याकडून तर नाहीच नाही. मालेगावच्या स्टँडवर गाडी थांबली, चहावाला खिडकीखाली ओरडत गेला, आणि त्या गलक्यात तिला एकदम सुचलं. शब्द परत येत नाहीत ना? राहू देत तिकडे. किल्ल्या तर आपल्या हातात आहेत! जागा बदलायची. गोंडे तोडायचे. आपण लिहिलेलं सगळ्यात खरं पान आज दिवस मावळायच्या आत खोटं पाडायचं. ती ताठ बसली. भीती गेली नव्हती. पण आता तिच्यासकट चालता येणार होतं.

मेडशीला उतरून तांड्यापर्यंतची वाट तिनं जवळजवळ पळतच काढली. टाकी दिसली. निळी, फुटक्या नळाची, रोजचीच, आणि तिच्यावरचं नाव भरदुपारी किती ठसठशीत! दार उघडंच होतं. ती सरळ आत गेली, सवयीनं. मागच्या अंगणाच्या दाराशी याडी पाठमोरी बसून सुपानं तुरी पाखडत होती. ‘याडी!’ सूप हललं, पाठ हलली नाही. उज्ज्वला तिथेच उभी राहिली. मग काय वाटलं कोण जाणे, हाक पुन्हा मारायच्या ऐवजी ती कणगीकडे वळली. झाकण काढलं, हात घातला. थंड दाणे, गोंडा, गोंडा, आणि मग बोटांना कवडी. किल्ली बाहेर आली तेव्हा थोडी ज्वारी जमिनीवर सांडली. याडी पाखडतच होती. हे इतकं सोपं होतं. कवडी मुठीत धरून उज्ज्वला आपल्या हाताकडे पाहत राहिली. तो हात तिला आपला वाटेना. तेवढ्यात याडी कशाला तरी वळली, आणि तिनं कणगीशी उभं असलेलं माणूस पाहिलं. दचकली नाही. हेच तर उज्ज्वलाला सोसवलं नाही. कणगीशी उभं असलेलं माणूस आपलंच असणार, यावर याडीचा इतका भरवसा होता की ती आधी तोंडभर हसली आणि मग तिनं ओळखलं.

‘आली काय वं? आज कायची सुट्टी?’ घरात एरवी गोरमाटी बोली, पण लेक शिकायला गेल्यापासून याडी तिच्याशी हौसेनं वऱ्हाडीच बोलायची.

आता सांगायचं तर हळू सांगायची सोय नव्हती. दुसरी एखादी पोरगी आईच्या कुशीत तोंड खुपसून पुटपुटली असती. हिला आपला गुन्हा ओरडून सांगावा लागला. ‘याडी, म्या किल्ल्यांचं लेहलं! मोबाइलवर! कोन्तं दार कोनाचं, सारं! एका मानसानं आपली टाकी वळखली!’ बाहेर टाकीच्या सावलीत बसलेल्या म्हाताऱ्या रूपला नायकाचं खोकणं थांबलं. म्हणजे त्यानंही ऐकलं. तांड्याच्या नायकानं ऐकलं म्हणजे तांड्यानं ऐकलं. तिनं आवाज खाली आणला नाही. फोटो दाखवला, गोंडे दाखवले, त्या दोन ओळी वाचून दाखवल्या.

याडीनं पदराला हात पुसून मोबाइल घेतला, स्वतःचा फोटो बराच वेळ पाहिला. ‘आन माहे कान?’ तिनं विचारलं.

‘काय?’

‘मले आयकू येत नाई, हेबी लेहलं?’

‘हो.’

‘मले इचारलं व्हतं?’

‘नाई.’

‘किल्ल्यांचं पाहून घेऊ,’ याडी म्हणाली, आणि मोबाइल लेकीच्या हातात परत ठेवला. ‘पन माहे कान कायले टांगले वेशीवर? बजारात मी मान हालवून निभावून नेतो, मानसाच्या तोंडाकडं पाहून सौदा करतो. मालेगावात कोनाले ठाव नाई. तू साऱ्या जगाले सांगून बसली. काहून?’

‘मले वाटलं, चांगलं वाटते वाचाले.’ याहून खरं उत्तर उज्ज्वलापाशी नव्हतं. त्या बदामांखाली आपण आईला काय करून ठेवलं हे तिला आत्ता, या घटकेला, कळत होतं. किल्ल्यांपेक्षाही आधी हे कळायला हवं होतं. डोळे भरून आले.

‘रडू नको. रडून किल्ल्या हालत नाईत. बाले फोन लाव.’

मदनसिंग, तिचा बा, उसाच्या फडात होता. ‘बोल बाई,’ तो म्हणाला, आणि मागे कोयत्यांची सपसप ऐकू आली. ‘बा, साऱ्यायले बलाव. आवाज मोठा कर. मले साऱ्यायले सांगाचं हाय,’ उज्ज्वला म्हणाली. हळूहळू सपसप थांबली. तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, कुठेही स्वतःला पाठीशी न घालता. शेवटी म्हणाली, ‘चूक माही हाय. याडीची नाई.’  

‘माही कवडीबी दिसते काय त्याच्यात?’ भाऊसिंगकाकाचा आवाज आला.

‘दिसते काका.’

‘आन भांडेबी लेहले?’

‘लेहले.’

 त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, ‘मंग आता?’

‘आता गोंडे तोडून टाकू, जागा बदलू. आजच. म्या लेहलं ते खोटं झालं पायजे.’

‘गोंडे तोडसान त वळखसान कशा?’ मागून कुणा बाईनं विचारलं.

प्रश्न उज्ज्वलानं ओरडून याडीला सांगितला. ‘मी वळखीन,’ याडी मोबाइलच्या तोंडाशी जाऊन म्हणाली. ‘कोनाच्या किल्लीचे दात कसे घासले, मले हाताले समजते.’ फडात कुणीतरी हसलं. ‘अन् जागा कोन्ती?’ बानं विचारलं. याडीनं तोंड उघडलं, तेवढ्यात उज्ज्वलानं तिच्या दंडावर हात ठेवला. ‘सांगू नको याडी. फोनवर कोनालेच नको. मलेबी नको सांगू. माह्या हाताले लेह्याची खोड हाय.’

हे बोलणं तिला फार जड गेलं. पाळण्यात होती तेव्हापासून या घरातला कोनाकोपरा तिचा होता; आता घरातली एक जागा तिच्यापासून कायमची झाकली जाणार होती, आणि ती झाकायला तीच सांगत होती. याडीनं तिच्याकडे टक लावून पाहिलं. ‘जाय मंग बाहीर,’ ती म्हणाली. ‘दार लावून घे. मी आतून कडी घालतो.’

उज्ज्वला टाकीपाशी जाऊन घराकडे पाठ करून उभी राहिली. रूपला नायक बाजेवरून म्हणाला, ‘आजपासून मी अठीच बसत जाईन. येनाऱ्याले पाहू.’ तिनं मान हलवली. आतून दाणे ओतल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. ऐकायचं नाही म्हणून ती मुद्दाम पुढच्या पोस्टचा विचार करू लागली. लिहिणं सोडायचं का? हा प्रश्न ती एसटीपासून टाळत होती. नाही सोडायचं. त्या बुडत्या सूर्याला घाबरून तर मुळीच नाही. पण यापुढे जे लिहीन ते आधी याडीला वाचून दाखवीन, आणि याडीला वाचून दाखवायचं म्हणजे ओरडून, असं इथे टाकीपर्यंत ऐकू जाईल इतकं. जे वाक्य असं ओरडताना जीभ अडेल ते जगाला दाखवायचं नाही. व्याख्यानातल्या सगळ्या सूचनांपेक्षा हे तिला जास्त पटलं. उद्या मॅडमसोबत जाऊन तक्रार द्यायची, ज्यांच्या ज्यांच्या ग्रुपवर फोटो गेला त्यांना एकेकाला पुसायला सांगायचं, कुणी हसलं तरी सांगायचं.

उन्हं कलली तेव्हा ती वळली. दार बंद होतं. दिवसाढवळ्या हे दार बंद पाहिल्याचं तिला आठवेना. इथे वाजवतात कसं, हेच तिला ठाऊक नव्हतं. तिनं आधी कडी वाजवली, मग मुठीनं ठोकलं, मग पायरीवरचा दगड उचलून चौकटीवर असा आपटला की हादरा जमिनीतून आत जावा.

‘कोन?’ आतून याडीचा आवाज आला. सावध, परका.

‘मी,’ उज्ज्वला म्हणाली.

‘मी कोन? मोठ्यानं सांग!’

तिनं छाती भरून श्वास घेतला. ‘उज्ज्वला!’ ती ओरडली, अख्ख्या तांड्याला ऐकू जाईल अशी. ‘मदनसिंग-गोमतीची उज्ज्वला!’

आतली कडी सरकली.